उपरण्याखालचं काळीज

मोबाईल यायच्या आधी काष्टीच्या बाजारतळाजवळ माझा एसटीडी बूथ होता. तिथं फोनवर उपरणं टाकून, आपलं डोकंही त्यात खुपसून उभं राहणारं एकच गिऱ्हाईक: रंगूनाना दलाल.

नाना बैलांचे सौदे जुळवायचे. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबतात. नानांचा अवघा जन्म त्यातच गेला. म्हातारपणी त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला. पुण्याच्या डॉक्टरांनी बरोबर एक डबी दिली. ती छातीला लावून फोनच्या तोंडाशी धरली की शीळ घातल्यासारखी वाजायची, आणि त्यावरून तिकडं पुण्यात ठोके कळायचे.

"मधी तारेवर कोन ऐकतं का रं?" नानांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"एक्स्चेंजवाले ऐकू शकतात, नाना."

"झालं मंग! भाव उघडा पडला की सौदा बोंबलला!"

तेव्हापासून ते डबी झाकायचे, रिसीव्हर झाकायचे, वर मला टेप मोठ्यानं लावायला सांगायचे. "अहो, आवाज तारेतून जातो, उपरणं काय करणार कपाळ?" म्हटलं, की माझ्यावरच डोळे वटारायचे. वैताग नुसता! पण नानांची भीती खरी होती. म्हणायचे, "अधू काळजाच्या दलालाच्या हातात हात कोन देईल? आज हाय, उद्या न्हाई."

आणि ऐन बाजारच्या दिवशी लाइन खरखरली. पलीकडच्या, पुण्याच्या दवाखान्यातल्या बाईंना काही ऐकूच जाईना. नाना उपरण्यातून बाहेर आले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "काळजाचं मशीन, बाई! माज्या काळजाचं! लई हळू चालतंय का वो?"

सगळा बाजार वळून बघायला लागला.

कुणी वाईट वागलं नाही हो. तेच वाईट झालं. जो तो "नाना, सावलीला बसा, चहा घ्या" म्हणायचा आणि सौदा दुसऱ्याकडून करायचा. माणूस जितेपणी बाजारातून उठला. मला फार वाईट वाटायचं, पण करणार काय?

एका दुपारी ते बूथवर आले. डबी आणली नव्हती.

"पुणं लावू का, नाना?"

"नगं. काय ऐकायचं राह्यलंय त्यात?" म्हणाले, आणि उघडाच हात पुढं केला. "तुजा हात दे जरा."

मी दिला. त्यांची बोटं माझी बोटं दाबत राहिली, सोडत राहिली. मला त्यातलं ओ की ठो कळेना.

"भाव काय म्हणताय, नाना?"

"भाव कसला, लेका. लई दिस झालं, कुनी हातच धरला न्हाई."

बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. म्हटलं, खोळंबू दे.