तसबिरीचे यंत्र आणि मगदुमांची सोयरीक

श्री. खरे बोलावे तर ही हकीकत लिहायचीच नव्हती. दोन वेळा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पुसली, कारण यात मर्दुमकी कोणाची नाही, रणी कोणी पडले नाही, आणि नामुष्कीचा जो भाग आहे तो फार जवळच्या माणसाचा आहे. परंतु गल्लीत चार तोंडे चार प्रकारे सांगतात, आणि दर सांगण्यात यंत्र थोडे आणखी महाग होते, म्हणोन जे जाहले ते एकदा टंकून ठेविले. हसणाराने हसावे, टंकणारास बोल लावू नये. तर शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सर, नागपंचमीचा दिवस, ते दिवशी एका राज्यात, म्हणजे एका गावात, ज्याचे नाव घेतले तर लोक घरे ओळखतील, राजश्री अभिनंदनराव चौगुले यांनी भर बाजारात प्रतिज्ञा केली की आजपासून जिवलगाची तसबीर आपण स्वहस्ते काढू, स्टुडिओचा उंबरा चढू देणार नाही. प्रतिज्ञा थोर होती. अडचण इतकीच की रावांपाशी तसबिरीचे यंत्र नव्हते.

राव कोण, तर वय वर्षे सव्वीस, कारखान्यात लेथवर उभे राहणारे, सगळी विद्या मोबाइलवर व्हिडिओ पाहून संपादिलेली, आणि म्हणोन कोणी काहीही बोलत असले तरी मध्ये बोलणारे. जिवलग ते राजश्री सम्मेदराव मगदूम, यांचे मोटार रिवायंडिंगचे दुकान होते, तेथे जळालेल्या मोटारी रडत येत आणि नवी तार गुंडाळून घेऊन गात जात. वय एकोणतीस, रंग सावळा, नाक रुंद, मन साफ, आणि लग्न जुळत नव्हते. याचे कारण तवनाप्पा स्टुडिओवाला. आदले साली तवनाप्पाने सम्मेदरावांची तसबीर काढिली आणि मग संगणकावर बसून त्यांस निळा कोट चढविला, जो त्यांनी जन्मात घातला नव्हता, आणि पाठीमागे परमुलखातला धबधबा सोडिला, आणि चेहरा ऐसा उजळला की दुधाची पिशवी बरी. ती तसबीर दोन राज्यांत गेली, दोन्हीकडून पाहुणे घर पाहावयास आले, आणि दारात उभ्या सम्मेदरावांसच विचारते जाहले, "अहो, मुलगा कुठाय?" मग चहा घेतला, पोहे खाल्ले, आणि घरी जाऊन कळविले की पत्रिका जुळत नाही.

आता तिसरी सोयरीक पूर्वेकडील बिरनाळ्यांची निघाली होती. कन्या पद्मजाबाई, दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाची फॅट तपासणाऱ्या. सम्मेदराव एकदा तेथे मोटार पोचवावयास गेले होते, तेव्हा बाईंनी नळीवरून मान वर न करता "त्या बाजूला ठेवा, उन्हात नको" एवढेच फर्माविले, आणि तेवढ्यावर सम्मेदरावांची सगळी दौलत लुटली गेली. मोटारीची काळजी करणारी मुलगी त्यांनी प्रथमच पाहिली. मग त्यांनी मध्यस्थ भूपालमामांस गाठले, मामांनी बिरनाळ्यांकडे शब्द टाकिला, तिकडून निरोप आला की मुलाचा फोटो पाठवा, आणि सम्मेदराव अभिनंदनरावांस म्हणाले, "अभ्या, या वेळी माझ्यासारखा दिसणारा फोटो पाहिजे. मी जसा हाय तसा. नाहीतर ही पण पोहे खाऊन जाईल." त्यावर ती प्रतिज्ञा.

मग राव मोहिमेस निघाले, म्हणजे मोबाइल उघडून बसले. खजिना अठ्ठावीस हजारांचा, त्यात बोनस धरलेला. यंत्रांच्या मुलखात दोन थोर घराणी, एक तांबड्या पट्टीचे, एक पिवळ्या पट्टीचे, दोघांचे हाडवैर, आणि दोघांचे भाट इंटरनेटवर ठाण मांडून बसलेले. या भाटांनी आयुष्यात चार फुलांचे आणि एका मांजराचे फोटो काढिले असतील, परंतु सल्ला देताना ऐसा आव की पातशहाची तसबीर यांच्याच हातची. राव नम्रपणे विचारते जाहले की पहिलाच कॅमेरा घेतो आहे, अठ्ठावीस हजारांत काय घ्यावे? भाट म्हणाले, छान बजेट आहे, फक्त दहा हजार अजून घाला. रावांनी सांगितले की घालता येत नाहीत. भाट म्हणाले, मग थांबा, गणपतीत ऑफर येईल. गणपती आले, बसले, जेवले, गेले, ऑफर आली नाही. भाट म्हणाले, दसऱ्याला बघा. दसऱ्यास एक बॅग फुकट मिळत होती. भाट म्हणाले, खरी ऑफर दिवाळीला. येणेप्रमाणे राव सणावाराच्या पाठीमागून चालले, आणि संगणकावर एक तक्ता केला, त्यात अकरा यंत्रे आणि तेवीस रकाने, कोणाचे मेगापिक्सेल किती, कोणाचे वजन किती, कोण उणे दहा अंशांत चालतो. आमच्या राज्यात पंखा मार्गशीर्षात बंद होतो. परंतु न जाणो, सम्मेदरावांची तसबीर हिमालयात काढावी लागली तर?

मातोश्री एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अरे, मोबाइलला कॅमेरा आहे की. त्यावर काढ आणि दे पाठवून." राव ऐसे हसले की जणू कोणी लढाईस विळी घेऊन निघाले आहे. सम्मेदरावांनीही दुकानात तेच म्हटले, "लेका, मोबाइलवर काढ की. उजेड चांगला पडलाय."

"मोबाइलवर? सेन्सर बघितलायस त्याचा? नखाएवढा!"

"मला सेन्सरशी लग्न करायचंय का?"

"थांब रे आठ दिवस. दिवाळीत घेतोच."

सम्मेदराव थांबले. हा त्यांचा दोष म्हणावा तर म्हणावा. मित्र बोलला म्हणजे बोलला, यापलीकडे त्यांस हिशेब येत नव्हता.

इकडे बिरनाळ्यांकडे श्रावण गेला, भाद्रपद गेला, आणि फोटो येईना. आमच्या मुलखात मुलीकडून फोटो यावयास उशीर झाला तर ब्लाउज शिवून यायचा असेल म्हणतात, परंतु मुलाचा फोटो येत नाही म्हणजे मुलात काही आहे, हे ठरलेले. प्रथम बिरनाळ्यांच्या काकूंनी शंका काढिली की तिरळा असेल. मग आत्याने सुधारिले की तिरळा नाही, मोटारीचा स्फोट होऊन तोंड भाजले आहे. दसऱ्यापर्यंत सम्मेदरावांचे एक डावे बोट गेले, आणि दिवाळीपर्यंत त्यांचे आधी एक लग्न जाहले होते. भूपालमामा फोनवर कडाडले, "अभिनंदन, तू काय फोटो काढतोयस की मूर्ती घडवतोयस? पुण्याचा एक इंजिनिअर बघायला येतोय तिला, भाऊबीज झाली की. त्याचा फोटो चौदा सेकंदांत आलाय. त्यात त्याचा कुत्रापण आहे."

तेव्हा राव हादरले आणि पाडव्यास शहरास कूच केले. दुकानात दोन यंत्रे पुढे आली. एक साधे, लेन्सीसकट, खजिन्यात बसणारे. दुसरे उंची, तेही खजिन्यात बसणारे, परंतु नुसती बॉडी, लेन्स निराळी. दुकानदार प्रामाणिक, म्हणाला, "पहिलाच आहे ना? मग हा लेन्सवाला घ्या, आज संध्याकाळी फोटो काढाल." परंतु रावांस भाटांचे वचन आठविले की बॉडी थोर घ्यावी, लेन्स काय, मागाहून येते. आणि कारखान्यातले सुपरवायझर शिंदे जुनी लेन्स उसनी देणार, हे ठरलेच होते. मग राव ऐटीत म्हणाले, "साध्याला हात लावत नाही मी," आणि थोर बॉडी घेऊन परतले. मातोश्रींनी यंत्रास कुंकू लावले, नारळ फोडिला, त्याचे पाणी बॅगेवर सांडले, बॅग फुकटची होती म्हणोन कोणी बोलले नाही. सम्मेदराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या दुकानाच्या दारात उभे राहिले. रावांनी शिंद्यांची लेन्स काढिली, यंत्राच्या तोंडास लाविली, फिरविली, दाबिली, उलटी धरिली, फुंकर मारिली. बसेना. शिंद्यांची लेन्स तांबड्या घराण्याची आणि रावांची बॉडी पिवळ्या घराण्याची. तेवीस रकान्यांत हा एक रकाना करावयाचा राहिला होता.

"काय झालं?" सम्मेदरावांनी विचारिले, हसू तसेच ठेवून, कारण पोझ मोडू नये.

"बसत नाही."

"मग फोटो?"

"लेन्सशिवाय नाही निघत."

सम्मेदरावांनी हसू उतरविले. मग शर्टाची वरची गुंडी काढिली, आत गेले, आणि एका जळक्या पंपाच्या तारा उपसू लागले. राव दारात उभे राहिले, हातात अठ्ठावीस हजारांचे यंत्र, त्यास तोंड आहे आणि डोळा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे जाहले असते. तारा उपसता उपसता सम्मेदराव आतून म्हणाले, "अभ्या, पुण्याचा इंजिनिअर रविवारी येतोय म्हणे. चांगला असेल तो. कुत्रा पाळलाय म्हणजे मायाळूच असणार."

मग राव ज्याच्या उंबऱ्यास पाय लावणार नव्हते त्या तवनाप्पापाशी गेले, कारण राज्यात पिवळ्या घराण्याची लेन्स त्याच्याकडेच. तवनाप्पा पान लावीत बसला होता. म्हणाला, "या चौगुले सरकार. कोट देऊ? धबधबा चालू करू?" रावांनी मान खाली घालून सगळे सांगितले. तवनाप्पाने पान तोंडात टाकिले, कपाटातून लेन्स काढिली, फडक्याने पुसली आणि दिली, आणि म्हणाला, "भाडं नको. पण एक सांगतो, मी कोट चढवत होतो ते वाईट करत होतो, मान्य. पण माझा फोटो त्याच दिवशी मिळत होता." रावांनी लेन्स लाविली, पळत दुकानी गेले, आणि सम्मेदराव नको नको म्हणत असता त्यांच्या तसबिरी काढिल्या. काढिल्या एकशे चाळीस. घाई, आणि यंत्राची बटणे सत्तावीस, त्यामुळे काहींत सम्मेदराव पांढरे, काहींत काळे, बऱ्याचांत मागचा पंप स्पष्ट आणि सम्मेदराव धुरकट, आणि एकात नुसता रावांचा अंगठा. शुक्रवार होता. मामांनी फोन उचलणे सोडले होते. तेव्हा राव यंत्र गळ्यात घालून स्वतःच वकील होऊन बिरनाळ्यांच्या राज्यात गेले.

पद्मजाबाईंचे वडील बिरनाळेअण्णा ओसरीवर होते, काकू आणि आत्या दारामागे, आणि पद्मजाबाई ड्यूटीवरून नुकत्या आलेल्या, चप्पलही काढलेली नाही. राव उभ्याउभ्याच बोलते जाहले, "अण्णा, सम्मेदमध्ये काही नाही. तिरळा नाही, भाजलेला नाही, बोटं दहा आहेत, लग्न एकही नाही. फोटो मी अडवला. तीन महिने मी कॅमेरा निवडत होतो." आणि मग जे जे जाहले ते सांगितले, गणपतीची ऑफर, बॉडी, शिंद्यांची लेन्स, सगळे. काकू दारामागून म्हणाल्या, "अगं बाई, येडाच आहे हा." अण्णांनी मिशीत हात घातला, तो हसू लपविण्यास.

पद्मजाबाई पुढे आल्या आणि हात पुढे केला, "बघू." रावांनी यंत्र दिले. बाई एक एक तसबीर पाहत गेल्या, पांढरी, काळी, पंप, पंप, अंगठा. मग विचारिले, "हे एवढे खराब आलेत, तरी ते चिडले नाहीत?"

"नाही."

"तीन महिने थांबले, तेव्हाही?"

"नाही हो. तो म्हणाला, पुण्याचा मुलगा मायाळू असेल."

इतक्यात यंत्राची बॅटरी संपली आणि पडदा काळा जाहला. बाईंनी यंत्र परत रावांच्या गळ्यात घातले आणि अण्णांकडे वळून म्हणाल्या, "अण्णा, पुण्याच्यांना पुढच्या रविवारी बोलवा. या रविवारी यांच्या मित्राला येऊ दे. फोटो नको, माणूसच पाठवा."

मग रविवारी सम्मेदराव गेले, जसे होते तसे, आणि दारात त्यांस "मुलगा कुठाय" ऐसे कोणी विचारिले नाही. पाऊण तास बोलणे जाहले, त्यात चाळीस मिनिटे प्रयोगशाळेतली मोटार वारंवार का जळते यावर, आणि पुण्याच्या इंजिनिअरास पुढला रविवारही कळविण्यात आला नाही. मार्गशीर्षात सुपारी फुटली.

एकूण मजकूर इतकाच की यंत्र आले, तक्ता अजून संगणकात आहे, भाट अद्याप दहा हजार घाला म्हणतात, आणि सोयरीक झाली ती एकही बरी तसबीर नसताना. सुपारीच्या दिवशी सम्मेदरावांनी रावांस अंगणात बाजूस घेतले आणि म्हणाले, "अभ्या, लग्नाचे फोटो तवनाप्पा काढणार. त्याला कोटाची ताकीद दिली आहे. तू काय करणार आहेस?" राव म्हणाले, "तुझी शपथ सम्या, यंत्र घरी ठेवतो, कुलपात. तुझ्या लग्नात पंगतीत वाढायला मी उभा राहीन, दोन्ही हात मोकळे घेऊन."