आवाज बसलेलं घर

सोमवारी सकाळी भूगोलाच्या बाईंचा आवाज वर्गात मधेच गेला. 'या पर्वतरांगेच्या उत्तरेला' इथपर्यंत तो शाबूत होता. उत्तरेला काय आहे ते मुलांना शेवटपर्यंत कळलं नाही. मंगळवारी त्यांच्या नवऱ्याचा आवाज गेला. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, त्यामुळे तिथे ही गोष्ट संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातच आली नाही. बुधवारी त्यांची दहा वर्षांची मुलगी चिमणी घोगरी झाली आणि गुरुवारी चिमणीच्या आजोबांनी, म्हणजे बापूंनी, सकाळचा पहिला आळस देताना तोंड उघडलं तर आतून नुसती हवा बाहेर आली. सगळ्यांचा क्रम एकच. आधी शिंका, मग नाकाला धार, मग खोकला, आणि मग आवाज बेपत्ता.

घरात बोलणारी एकच व्यक्ती उरली, आत्या. बापूंची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून सात वर्षं ती इथेच राहत होती. सकाळी कोपऱ्यावरच्या पाळणाघरात लहान मुलं सांभाळायची आणि दुपारपासून या घरातली मोठी. तिला ना शिंक, ना खोकला. आवाज तर असा खणखणीत की खालच्या मजल्यावरची माणसं तिच्या हाकेवर घड्याळ लावत.

"मला काही होत नसतं," आत्या म्हणाली. "तुमचीच हाडं काचेची."

यावर एरवी चार तोंडांनी चार उत्तरं दिली असती. आता कुणाला ब्र काढता येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच आत्याची वाक्यं पूर्णविरामापर्यंत पोचू लागली, आणि त्या सुखाने तिचा चेहरा उजळला. मग ती उठली आणि तिने बटणांचा डबा काढला. त्यात बटणं सोडून सगळं होतं. बापूंची दाढ काढली तेव्हाच्या, कुणाच्या तरी गळवाच्या वेळच्या आणि ज्यांचं कारण कुणालाच आठवत नव्हतं अशा अर्धवट राहिलेल्या गोळ्या.

"अँटिबायोटिक आहे. जालीम. दोन-दोन घ्या."

भूगोलाच्या बाईंनी हात हलवून नको म्हटलं.

"सूनबाई, बोल की स्पष्ट! नाही ना बोलता येत? मग घे."

बापूंनी घेतल्या. भाच्याने, म्हणजे चिमणीच्या बाबांनी, घेतल्या. सूनबाईंनी एक घेतली. चिमणीने आपली जिभेखाली धरली आणि गॅलरीतल्या कुंडीत टाकली. शुक्रवारी सकाळपर्यंत बापूंच्या संडासाच्या सहा फेऱ्या झाल्या, भाच्याच्या छातीवर लाल चट्टे उठले आणि आवाज मात्र कुणाचाच परत आला नाही. कुंडीतल्या रोपाला तेवढं काही झालं नाही.

शुक्रवारी दुपारी धुकं पडलं. खिडक्यांच्या काचा पांढऱ्या झाल्या, समोरची इमारत पुसली गेली. खालून गाड्यांचे आवाजसुद्धा येईनात. बाहेरच्या खोलीत चार माणसं, पण ऐकू येत होती ती फक्त स्लिपरांची फरफट आणि अधूनमधून खोकला. वाफ घेण्यासाठी तिघं जण डोक्यावरून चादरी घेऊन टेबलाभोवती बसली होती. निरोप घेऊन आलेल्या शेजाऱ्याने दारातून ते दृश्य पाहिलं आणि निरोप न देताच तो परत गेला.

आत्या त्या दिवशी पाळणाघरातून लवकर आली होती. "जरा पडते," एवढंच म्हणून तिने खोलीचं दार लावून घेतलं. दोन शब्दांत आटोपलेलं आत्याचं हे पहिलंच वाक्य. कुणाला तरी शंका यायला हवी होती. पण सगळ्यांना वाटलं, चला, शांतता.

साडेतीनच्या सुमारास चिमणीने बापाची बाही ओढली.

"बाबा," ती कुजबुजली, "आत्याआजी कुणाशी बोलतेय?"

चादरी बाजूला झाल्या. बंद दारामागून आत्याचा आवाज येत होता. खणखणीत नव्हे, हळू. एक वाक्य, मग थोडं थांबणं, मग दुसरं वाक्य. थांबणं नेमकं तेवढंच, जेवढं समोरच्याच्या उत्तराला लागतं.

"हो... नाही हो, मी कशाला सांगू... अहो पण त्यांनाच बरं नाही... हं... हं."

आत्या कुणाचं तरी ऐकून घेत होती! चौघांच्या अंगावर काटा आला तो या गोष्टीने.

भाच्याने दार ढकललं. आत्या पलंगावर ताठ बसली होती. गाल लालबुंद, डोळे चकाकणारे. समोरची खुर्ची, जी एरवी खिडकीकडे तोंड करून असायची, ती पलंगाकडे वळवलेली होती.

"आलात?" आत्या म्हणाली. "बाळ, दारातून सरक जरा. ते मघापासून उभे आहेत."

भाचा सरकला. घाईघाईने सरकला, आणि त्याच्या मागची तिघंही सरकली. कुणाला वाट दिली ते कुणीच पाहिलं नाही. मग भूगोलाच्या बाईंनी धीर करून आत्याच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. थर्मामीटरने एकशे तीन दाखवले.

आता डॉक्टरांना बोलवायचं, म्हणजे फोन करायचा, म्हणजे बोलायचं.

भाच्याने फोन लावला. दवाखान्यात फोन घेणारी बाई कडक शिस्तीची होती.

"हॅलो, कोण?"

"हह... आत्या... हह... ताप..."

"जोरात बोला!"

"हहह..."

"असं का? दिवसाढवळ्या? लाज नाही वाटत बाईमाणसाला असले फोन करायला?" फोन आपटला गेला.

सूनबाईंनी लावला. पलीकडून आवाज आला, "अस्सं! आता जोडीने सुरू केलंत?" बापूंनी लावला, त्यांना 'हॅलो' म्हणताना असा ठसका लागला की त्या बाईने पोलिसांचं नाव घेतलं आणि फोन ठेवला. शेजारचं दार वाजवलं, पण चादरी पांघरलेली मुकी माणसं भोकातून पाहिल्यावर शेजारी घरात नसल्यासारखा झाला.

शेवटी भाच्याने चिठ्ठी लिहायला घेतली. घेतली खरी, पण हात मुद्रितशोधकाचा. 'आत्याला ताप भरला आहे ती बरळते आहे' असं लिहिलं, मग 'आहे'नंतर पूर्णविराम घातला, मग 'बरळते'ऐवजी 'असंबद्ध बोलते' केलं, मग ते खोडून पुन्हा 'बरळते' केलं. आतून आत्याचा आवाज आला, "बघा ना, याचं नेहमीचंच." ती हे नक्की कुणाला म्हणाली, या विचाराने भाच्याने चिठ्ठी तशीच मुठीत धरली आणि धावत जिन्याकडे गेला.

दुसऱ्या मजल्यावर धुक्याने भरलेल्या जिन्यात कुणीतरी वर येत होतं. भाचा भिंतीला चिकटला.

"तुमच्याकडेच निघालेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशंट कुठे आहे?"

त्या कशा आल्या हे विचारायला त्याला आवाजही नव्हता आणि वेळही नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी आत्याची मान चाचपली, जीभ दाबून घशात उजेड पाडला. "खोकला?" आत्याने मान हलवली, नाही. "सर्दी?" नाही. "गिळताना?" आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती दोन दिवस धड जेवली नव्हती. चौघांना वाढून 'माझं झालं' म्हणत होती. डॉक्टरांनी कापसाच्या काडीने घशातून नमुना घेतला, पिशवीतल्या पट्टीवर तपासला आणि काही मिनिटांनी पट्टी सगळ्यांना दाखवली.

"पाळणाघरात कुणी आजारी आहे?"

"चार मुलं आली नाहीत," आत्या पुटपुटली. "घसा धरलाय म्हणे."

"तिथूनच घेतलंत. घशात पांढरे डाग, मानेत गाठी, मोठा ताप, आणि खोकला-सर्दी नाही. हे जिवाणूंचं काम. बॅक्टेरियल. याला अँटिबायोटिक लागतंच, नाहीतर पुढे हृदयापर्यंत त्रास जाऊ शकतो." मग त्या चौघांकडे वळल्या. प्रत्येकाचा घसा पाहिला. "आणि तुमचं व्हायरल. वाहणारं नाक, खोकला, बसलेला आवाज. विषाणूंना अँटिबायोटिकचा ढिम्म फरक पडत नाही. वाफ, पाणी, विश्रांती, आठवड्यात उतरेल. नुसतं बघून दर वेळी कळतंच असं नाही, म्हणून तपासायचं. तुम्ही काही घेतलंत का?"

चौघांनी आत्याकडे पाहिलं. भाच्याने सदऱ्याची वरची बटणं उघडून चट्टे दाखवले. बापू नेमके त्याच वेळी घाईने संडासाकडे गेले.

"म्हणजे चार जणांनी नको असलेलं औषध घेतलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि जिला हवं होतं तिने वाटलं."

"मी नाही घेतलं," चिमणी कुजबुजली. "कुंडीने घेतलं."

तपासून लिहून दिलेल्या गोळ्यांनी दोन दिवसांत आत्याचा ताप उतरला. दहा दिवसांचा कोर्स पुरा करायचा, बरं वाटलं तरी मधे सोडायचा नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. इकडे एकेक आवाज परत येऊ लागला. भूगोलाच्या बाई शाळेत जाऊन पर्वतरांगेच्या उत्तरेला पोचल्या. घरात पुन्हा चार तोंडांनी चार उत्तरं मिळू लागली, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी भाचा दवाखान्यात गेला. त्याला त्या फोनवाल्या बाईंची माफी मागायची होती.

"अहो, मीच मागायला हवी," ती बाई ओशाळून म्हणाली. "मला काय माहीत घसे बसलेत म्हणून! बरं झालं, तुमच्या घरच्या त्या मोठ्या गृहस्थांनी नंतर नीट फोन केला."

"कोणत्या गृहस्थांनी?"

"नाव नाही सांगितलं. पण काय बोलणं! शांत, स्वच्छ. पत्ता दिला, मजला सांगितला. म्हणाले, बाकीच्यांचं वेगळं आहे, हिचं वेगळं आहे. हिला खोकला नाही, आवाज चांगला आहे, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाहीये. दोन दिवस जेवली नाही. चांगली पाच मिनिटं बोलत होते."

भाच्याने घरी येऊन विचारलं. बापू त्या दिवशी 'हॅलो'सुद्धा म्हणू शकत नव्हते. शेजाऱ्याने शपथ घेतली की त्याने दारच उघडलं नव्हतं, तर फोन कुठला करणार. आणि आत्या जेवली नाही हे तर तोवर आत्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ऐकता ऐकता घरात पुन्हा तशीच शांतता पसरली. या वेळी घसे ठणठणीत असून.

शेवटी सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती. तिने हातातली शेंग मोडली.

"पाच मिनिटं?"

"सलग. असं ती बाई म्हणाली."

"छे! मग ते नसणार," आत्या ठामपणे म्हणाली. "तेहतीस वर्षांच्या संसारात ते माझ्याबद्दल सलग पाच वाक्यं बोलले नाहीत. 'हं' आणि 'बघू', बस. दुसरंच कुणीतरी असेल. नंबर चुकला असेल कुणाचा."

बापू हसले, सूनबाई हसल्या, चिमणी खेळायला पळाली. भाचा उठून आत निघाला तेवढ्यात आत्याने त्याची बाही धरली. आजूबाजूला पाहिलं. आणि जो आवाज त्या दुपारी बंद दारामागून आला होता, तशाच अगदी हळू आवाजात तिने विचारलं,

"आणखी काय म्हणाले रे?"