पांढऱ्या हेलिकॉप्टरचं दार

भिंगारदिवेमामांकडे मे महिन्यात जायचं असेल तर घरूनच पाणी पिऊन निघावं. बाहेर नगरचं ऊन, आत खिडक्या बंद, पंखा बंद, आणि फरशीवर तांब्याने शिंपडलेलं पाणी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मामा दारातच म्हणाले, "भाऊसाहेब, चपला भायेर. अन् श्वास जरा बेतानं घ्या."

"का हो?"

"रंग ओला हाय."

रंग टेबलावरच्या खेळण्याएवढ्या हेलिकॉप्टरचा. पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरायचं असलं की धूळ बसावी म्हणून मैदानावर टँकरने पाणी मारतात. मामांनी तेच घरात केलं होतं. फक्त त्यांचं हेलिकॉप्टर कुठून येणार नव्हतं आणि कुठे जाणार नव्हतं.

शामुवेल भिंगारदिवे सावेडीत आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. कॅम्पातल्या एका वर्कशॉपमध्ये लष्कराचे ट्रक हिरवे करण्यात त्यांची सगळी हयात गेली. रंगाला तीन हात दिल्याशिवाय ब्रश धुवायचा नाही, हा त्यांचा धर्म. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं आहे. कुठेही गेले की ते रंगावर हळूच ओढतात आणि किती हात दिलेत ते सांगून मोकळे होतात. सोसायटीचं गेट नव्याने रंगवलं तेव्हा सेक्रेटरी आणि ठेकेदार दोघांच्या देखत नख ओढून म्हणाले, "एकच हात हाय. बाकीचे दोन बिलावर मारले."

समोरच्या बिऱ्हाडाने जुनी गाडी घेतली आणि पेढे वाटले. मामांनी पेढा तोंडात टाकला, गाडीला एक चक्कर मारली, नख ओढलं. "मागलं दार नंतर रंगवलंय. कुठंतरी ठोकलीय." ते बिऱ्हाड अजून त्यांच्याशी बोलत नाही. चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थना करतात तेव्हा यांचं नख बाकावर फिरत असतं, असं मार्थामामी सांगतात. "देवानं इचारलं तर सांगतील, सर्गाच्या दाराला दोनच हात हायेत म्हनून."

हसण्यासारखं आहे ते एवढंच.

त्यांचा मुलगा सुहास समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर इलेक्ट्रिशियन होता. जाणं-येणं हेलिकॉप्टरने. तीन वर्षांपूर्वी एका खेपेला ते पाण्यात पडलं. काही माणसं वाचली, काहींची प्रेतं मिळाली. सुहासचं काहीच मिळालं नाही. कबरस्तानात आजोबांच्या शेजारी मामींनी एक क्रूस उभा करून घेतला आहे. त्याच्या खाली पेटी नाही आणि त्याच्यावर नाव नाही. आजूबाजूच्या कितीतरी क्रूसांवरची नावं मामांच्या हातची आहेत. आपल्या मुलाचं तेवढं राहिलं होतं.

"नाव कवा लिवायचं?" मामी विचारायच्या.

"हे उरकू दे," मामा टेबलाकडे बोट दाखवायचे.

हेलिकॉप्टरचे सुटे भाग कुरियरने आले होते. खोक्यावरचं चित्र लष्करी, हिरवं. मामांनी ते डोळे मिटून रंगवलं असतं. पण सुहासचं हेलिकॉप्टर पांढरं होतं, पोटावर केशरी पट्टा. "हिरव्यात समदं लपतं, भाऊसाहेब. पांढरा काय पोटात ठेवत न्हाई." एक कण बसला की सगळं खरवडायचं, पुन्हा पहिल्या हातापासून.

मापं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी पट्टी घेऊन बसलो. प्रमाण एकास अठ्ठेचाळीस. खरं तेरा मीटरचं, म्हणून हे सत्तावीस सेंटिमीटरचं. माणूस साडेतीन सेंटिमीटरचा. सगळं बरोबर होतं. एक दार सोडून. कंपनीने दार अंगातच बंद दिलेलं होतं, नुसती रेघ. मामांनी ते पात्याने कापून वेगळं केलं होतं, टाचणीची बिजागरी बसवली होती, आणि केसाएवढ्या तांब्याच्या तारेची कडी लावली होती. तीही आतल्या बाजूने.

"मामा, आतली कडी कोण बघणार?"

"बघायची न्हाई ती. धरायची हाय."

मला कळलं नाही. मामा ब्रश पुसत राहिले. मग म्हणाले, "त्याच्याबरोबरचा एक पोरगा वाचला. घरी येऊन सांगून गेला. दार उघडत नव्हतं म्हनं."

मी पट्टी खिशात घातली.

अडचण अशी होती की मामांचंही दार उघडत नव्हतं. बाहेरून ओढलं तर यायचं. समोरच्या काचेच्या जागेतून सुई घालून आतून ढकललं की अडायचं. मामा खरवडायचे, घासायचे, पुन्हा तीन हात द्यायचे, पुन्हा अडायचं. शेवटी मी हिशेब मांडून सांगितलं, "मामा, या मापात तुमचे तीन हात म्हणजे खऱ्या दारावर अर्धं बोट जाड रंग. तो बिजागरीत बसतोय. एकच हात द्या."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना सोसायटीच्या गेटच्या ठेकेदाराच्या पंगतीला बसवलं. पुढे आठवडाभर मला चहा बिनसाखरेचा मिळाला.

एका दुपारी मामा बाजारात गेले होते. मी त्यांचं वर्तमानपत्र परत द्यायला गेलो आणि बसलो. मामा आले, हात धुतले, सुई घेतली. दार हललं नाही. बाहेरूनही हललं नाही. फटीतून सुकलेला डिंक चकाकत होता.

"कुनी चिकटवलं?"

"मी," मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "झालं म्हना आता. दिसतंय ना हेलिकॉप्टरवानी? तुमचं उरकायचं न्हाई अन् माझं पोरगं तिथं बिननावाचं ऱ्हायचं. मला लेकाचं नाव वाचायचंय, आवो."

मामा ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी हेलिकॉप्टर टेबलावर ठेवलं आणि अगदी हळू म्हणाले, "मार्था, आतमंदी हाय न्हवं त्यो."

 मामी पदराला हात पुसत आल्या आणि खुर्ची ओढून मामांच्या समोर बसल्या. "आना हिकडं. मी धरते." त्यांनी हेलिकॉप्टर दोन्ही तळव्यांत धरलं, जसं आजारी पाखरू धरतात. मामांनी पातं लावलं. पांढऱ्या रंगाचे कपचे मामींच्या मनगटावर पडत होते.  मी श्वास बेतानं घेत होतो.

दार सुटलं. मामांनी कडा घासल्या, नवी टाचणी घातली, आणि त्यावर एकच हात दिला. माझ्याकडे न बघता. वाळल्यावर मामींनी स्वतः सुई घातली आणि आतून ढकललं. दार उघडलं. मामींनी ते पुन्हा लावलं नाही, मामांनीही नाही. अजून ते तसंच उघडं आहे.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर मामा मला म्हणाले, "डबा धरायला चला." आम्ही तिघं कबरस्तानात गेलो. मामांनी क्रूस ओल्या फडक्याने पुसला, भोवती पाणी शिंपडलं, आणि काळ्या रंगाने नाव लिहिलं. सुहास शामुवेल भिंगारदिवे. अक्षर नेहमीसारखं, दोऱ्यात ओवल्यासारखं सरळ. मामींनी ते ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं.

आम्ही बाभळीच्या सावलीत बसलो. पहिला हात वाळला. मी डबा पुढे केला. मामा ब्रश धुवायला लागले होते.

"आन् बाकीचे दोन?" मामींनी विचारलं.

मामांनी क्रूसाकडे पाहिलं. अंगठा पुढे गेला, पण नख अक्षराला न लावताच त्यांनी हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्यो आला तर खरवडायला सोपं जाईल."

मामींनी माझ्या हातातला डबा घेतला आणि झाकण दाबून लावलं.