कॅमेऱ्याला टिकली

आमच्या ऑफिसात बायका चार आणि टिकल्या सतरा. चार आमच्या कपाळावर, उरलेल्या तेरा कॉम्प्युटरच्या. कॅमेरा असतो स्क्रीनच्या वर, बरोबर मधोमध, त्यामुळे टिकली तिथे अगदी शोभून दिसते. मरून रंगाची, गोल, मखमली. नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी विचारतो, काल हळदीकुंकू होतं का? आम्ही भोईरदादांकडे बोट दाखवतो.

भोईरदादा म्हणजे आमचे सिस्टीमवाले. खालापूरच्या अलीकडे आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. माल बाहेर पाठवायची कागदपत्रं मी करते आणि ती ज्यावर करते तो कॉम्प्युटर चालू ठेवायचं काम दादांचं. कारखान्यातल्या प्रत्येकाचा कॉम्प्युटर त्यांना बसल्या जागेवरून उघडता येतो. आणि हा माणूस कुणाच्या डब्यातसुद्धा डोकावत नाही. मी डबा उघडला की दादा मान वळवून बोलतात. डब्यात सुके बोंबील असले की वास सगळ्या मजल्यावर फिरतो, पण दादांना ते अधिकृतपणे माहीत नसतं.

"बघता येतं म्हनून बघायचं नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून दहादा. तुम्ही पासवर्ड टाकायला लागलात की ते भिंतीकडे तोंड करतात आणि हात जोडून उभे राहतात. पहिल्यांदा मला वाटलं, भिंतीवर देव आहे. तिथे आग विझवायचा लाल सिलिंडर होता.

त्यांच्या स्वतःच्या बाबतीत तर विचारूच नका. फोन बटणांचा. दुकानदाराने मोबाईल नंबर विचारला की दादा विकत घेतलेला साबण परत ठेवून बाहेर येतात. ऑनलाइन मागवलेली वस्तू चौक गावच्या एका गॅरेजवर येते आणि तीही 'गणपत ट्रॅक्टरवाले' या नावाने. एकदा पार्सलवाला गॅरेजसमोर उभा राहून गणपत, गणपत असा घसा फोडून ओरडत होता आणि दादा शेजारी उभे राहून त्याला म्हणत होते, अरे जोरात हाक मार, आला नाय वाटतं तो. पार्सल परत गेल्यावर त्यांना आठवलं की गणपत आपणच. ऑफिसच्या सत्यनारायणाचा फोटो आहे, त्यात सगळे दिसतात. मागच्या रांगेत एका माणसाच्या तोंडासमोर नारळ धरलेला आहे. तेच दादा.

टिकल्यांमुळे हेड ऑफिसशी एकदा चांगलंच वाजलं. मुंबईच्या साहेब लोकांनी व्हिडिओवर मिटिंग लावली आणि त्यांना तासभर मरून अंधार दिसला. त्यांना वाटलं कॅमेरा बिघडला, म्हणून नवा पाठवला. त्याला खोक्यातून काढतानाच टिकली लागली. मग दुसरा आला, तिसरा आला. शेवटी एक साहेब गाडी करून आले, आम्ही खरंच आहोत याची खात्री केली आणि नाद सोडून गेले. आता मिटिंग नुसती आवाजाची होते. मी निवांत मटार सोलते. त्यामुळे माझी तरी काही तक्रार नाही.

एक कोडं मात्र आम्हा चौघींना होतं. दादांच्या ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा जुना डबा आहे आणि तो टिकल्यांच्या पाकिटांनी गच्च भरलेला. दादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तर पिंजर लावतात, कोरडं कुंकू. मग या टिकल्या कुणाच्या? मी एकदा विचारलं तर म्हणाले, घरात पडून होत्या. आणि डबा बंद केला.

मागच्या पावसाळ्यात हेड ऑफिसने नवी पद्धत आणली. पासवर्ड विसरलात तर कॉम्प्युटर तुम्हाला एक गुपित प्रश्न विचारणार, उत्तर बरोबर आलं तर आत सोडणार. बहुतेकांनी तयार यादीतला पहिलाच प्रश्न निवडला, आईचं माहेर कुठलं. दादांनी कपाळाला हात लावला. सगळ्यांना गोळा केलं आणि मला उभं करून विचारलं, तुमच्या आईचं माहेर कुठलं? मी म्हटलं, कडाव. मग त्यांनी खोलीतल्या प्रत्येकाला विचारलं, हे कुणाकुणाला माहीत होतं? सगळे हात वर. कर्जत-खालापुरात आईचं माहेर कधी गुपित असतं का? मला रोज सोडणारा रिक्षावाला माझ्या आईचा चुलतभाऊ आहे.

"खोटं लिवा," दादा म्हणाले. "पार लांबचं लिवा."

आम्ही लिहिलं. मी आईला थेट कोल्हापूरची करून टाकलं. स्टोअरच्या ठोंबरेंनी लंडन लिहिलं. इतका आनंद आम्हाला बोनसनेही झाला नव्हता.

पुढे दादांनी काय केलं, तर गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले. नंतर पाच दिवस गौरी-गणपती, आरत्या, जागरणं, मोदक. सहाव्या दिवशी ऑफिसात आलो तर कुणाच्या डोक्यात काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. कॉम्प्युटरने विचारलं, आईचं माहेर? मी सांगली, सातारा, सोलापूर असा सगळा दौरा केला. ठोंबरे पॅरिसवर अडून बसले होते. तीनदा चुकलं की कुलूप. साडेदहापर्यंत अख्खं ऑफिस कुलूपबंद, आणि गेटवर भरलेले टेंपो कागदपत्रांसाठी हॉर्न वाजवत उभे.

सगळ्यांची कुलुपं काढायची किल्ली एकट्या दादांकडे. ते ऐटीत खुर्चीवर बसले, पासवर्ड टाकला आणि तो चुकला. तेही मोदक खाऊनच आले होते. मी त्यांच्या मागे उभी होते. नियमाप्रमाणे मी भिंतीकडे वळायला हवं होतं. पण माझा स्वभाव पहिल्यापासून नाक खुपसायचा. मी वाचलं. दादांनी यादीतला प्रश्न घेतला नव्हता, स्वतःचा लिहिला होता. स्क्रीनवर आलं: जेवणावरून उठून कोण गेलं?

दादा त्या ओळीकडे बघत राहिले. मग एका बोटाने हळूहळू काहीतरी लिहिलं आणि कुलूप उघडलं. दहा मिनिटांत सगळे कामाला लागले, टेंपो गेले, ठोंबऱ्यांना त्यांचं लंडन परत मिळालं.

माझं मात्र दुपारपर्यंत कशात लक्ष लागेना. चहाच्या वेळी गेले आणि सरळ सांगितलं, दादा, तुमचा प्रश्न मी वाचला. मला वाटलं, आता हे माझ्या दोन्ही डोळ्यांना टिकल्या लावतात. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"वाचलंत ते सांगितलंत तरी," ते म्हणाले. "मला तेवढंबी जमलं नवतं."

मग चहा गार होईपर्यंत बोलत राहिले. त्यांना एक मुलगी आहे, प्राजक्ता. ती कर्जतला कॉलेजात होती तेव्हा दादांनी काळजीपोटी तिच्या फोनमध्ये काहीतरी घालून ठेवलं. तिचे सगळे निरोप यांना घरबसल्या वाचता येत. त्यात वावगं काहीच नव्हतं. परीक्षा, मैत्रिणी, वडापाव. तरी हे रोज वाचत. एकदा तिने मैत्रिणीला लिहिलं, पप्पा इतके घोरतात की अभ्यास सोड, भिंत हलते. दुसऱ्या दिवशी जेवताना दादा हसत हसत बोलून गेले, मी काय एवढा घोरत नाय गं. बोलले, आणि घास तोंडातच राहिला. पोरीच्या लगेच ध्यानात आलं. ती ताटावरून उठली. महिन्याभरात नोकरी घेऊन हैदराबादला गेली, त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर वडिलांशी एक शब्द नाही.

आईशी ती रोज फोनवर बोलते. फोन वाजला की दादा शेताच्या बांधावर जाऊन उभे राहतात, कानावर काही पडू नये म्हणून. घरच्या कॉम्प्युटरवर तिचं खातं अजून उघडं आहे. एक बटण दाबलं की तिचे फोटो, तिची खोली, सगळं दिसेल. दादांनी त्या कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवलाय. टिकल्या तिच्याच, कपाटात राहिलेल्या.

"तिची टिकली दिसली का माझा हात आखडतो, ताई. तिनं मला सांगितलं नाय, मंग मला ते माहीत असाया नको."

 मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, बघायचं नाही हे बरोबर, पण दादा, विचारायला कुणी बंदी केलीय का?

त्यावर त्यांनी आठवडाभर विचार केला. मग बटणं दाबून दाबून मुलीला तीन शब्द पाठवले: बघू काय तुला? पाच दिवस उत्तर नाही. त्या पाच दिवसांत दादांनी दोन माणसांना एकच पासवर्ड दिला आणि पाणी प्यायच्या बाटलीला टिकली लावली. सहाव्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी आले आणि फोन पुढे धरला. त्यावर एकच शब्द होता: बघा.

आता बटणांच्या फोनवर काय दिसणार? साहेबांना विचारून मी मिटिंगची खोली मागून घेतली. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले. कॅमेऱ्यावरची टिकली त्यांनी नखाने अलगद सोडवली. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी बायका तोंड धुताना आरशाला टिकली लावतात ना, तशी ती त्यांनी स्क्रीनच्या कडेला चिकटवली. मी जोडणी करून दिली आणि दादांनी आपला उघडा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला.

पलीकडे चष्मा लावलेली एक मुलगी आली. ती बराच वेळ नुसती बघत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "अजून घोरता काय?"

 दादांनी मान हलवली, हो म्हणून.

पुढचं ऐकायला माझा जीव नुसता तुटत होता. खुर्ची होती, वेळ होता, दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. थोड्या वेळाने ठोंबरे आले. आत काय चाललंय म्हणून विचारायला लागले.

मी म्हटलं, माहीत नाही.