दौलतरावांनी करंजडोहावर तीन मोजिले, ते वर्तमान

विनंती ऐसीजे. कासारवाडी स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर बसणारे समस्त थोर लोक यांनी फर्माविले की, करंजडोहाच्या मरळीवर तीन गुरुवार मोहीम चालली, ती कैसी चालली, कोण लढला, कोण घसरला आणि कोणाचा मोबाइल पाण्यात गेला, हे सर्व यथास्थित लिहून ठेवावे, कारण जो तो आपल्या तोंडाने सांगतो आणि दर खेपेस मासा वीतभर वाढतो. त्यास आज्ञा मान्य करून जैसे घडले तैसे लिहिले. मासा जेवढा होता तेवढाच धरिला आहे. बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही.

राजश्री दौलतराव हे चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवरचे फिटर, बावीस वर्षे एकच मशीन राखिलेले, हाताचे मोठे कसबी, परंतु रागाचे बहुत कडक. पाना हरवला तरी कोपावे, आणि पाना सापडला तरी कोपावे, की हा इथे कोणी मरायला ठेविला. त्यांच्या कुटुंब सौभाग्यवती अंबूबाई यांनी लग्नाच्या सालीच हुकूम केला होता की, राग आला म्हणजे दहा मोजावे, मग तोंड उघडावे. त्यास तीस वर्षे लोटली, परंतु दौलतराव दोनाच्या पुढे कधी गेले नाहीत. एक म्हणावे, दोन म्हणावे, आणि तोफ उडावी.

त्यांची कन्या वर्षाली हिंजवडीस नोकरीत, सासर वाकडास. तिला पाचवा महिना लागला आणि डोहाळे सुरू जाहले, ते समयी तिचे फर्मान फोनवरून टपरीवर येऊन थडकले. "बाबा, मरळीचं कालवण खावंसं वाटतंय. पण बाजारातली नको हां, तिला टाकीचा वास येतो. मी लहान असताना तुम्ही स्वतः धरून आणली होतीत ना, तसली पाहिजे." दौलतराव छाती काढून बोलिले, "एवढंच ना? तू ये तर खरी, मरळ तयार असेल." फोन स्पीकरवर होता आणि टपरीवर सात असामी होते, सबब वचन मागे घेण्याची सोय उरली नाही.

इथे एक गुप्त बाब लिहिणे प्राप्त आहे. वर्षाली सात वर्षांची असता दौलतरावांनी जी मरळ आणिली, ती नदीत धरिलेली नव्हती. ती पिंपरीच्या बाजारात एका कोळिणीपासून घेतली होती, आणि घरी येऊन लेकीस सांगितले की बाबांनी पाण्यात उडी घालून शेपटीस धरिली. दौलतरावांनी उभ्या जन्मात मरळ धरिली नव्हती. हे अंबूबाईंस ठाऊक होते, आणि अंबूबाई काही विसरत नसत.

मग मसलतीस बरकतमियांस बोलाविले. बरकतमिया म्हणजे शेजारचेच दुचाकी गॅरेजवाले, पंक्चरपासून इंजिनापर्यंत सर्व विद्या जाणणारे, थंड डोक्याचे, आणि गळ टाकण्याच्या कामी त्या मुलखात त्यांच्या तोडीचा दुसरा नाही. कारखान्याची सुट्टी गुरुवारी, आणि लाइटही गुरुवारीच जाते म्हणोन गॅरेजही गुरुवारी बंद, तेव्हा मोहिमेस गुरुवारच ठरला. परंतु अंबूबाईंचा उपासही गुरुवारचाच, त्या दिवशी घरात मासा शिजणे नाही, चिरणे नाही, नावही काढणे नाही. सबब मासा ऐसा पाहिजे की जो शुक्रवार सकाळपर्यंत जिता राहील. बरकतमिया बोलिले की, रोहू मरेल, चिलापी मरेल, मरळ मात्र वरची हवा पिते, ओल्या गोणपाटात ठेविली तरी रात्र काढिते. म्हणजे लेकीचा हुकूम आणि आईचा उपास, दोन्ही सांभाळणारा मासा या भूमंडळी एकच होता.

पहिल्या गुरुवारी फौज निघाली. फौज म्हणजे दोन असामी, एक मोटरसायकल, वेळूच्या काठ्या दोन, तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गळ, शेंगदाण्याची पेंड आणि कणकेचा गोळा. चाकणाच्या पलीकडे भामा नदीचा करंजडोह, अर्धा जलपर्णीने झाकलेला, तेथे मोर्चे लाविले. पेंड पाण्यात फेकून गनिमास भुलविले, मग दौलतरावांनी स्वहस्ते मळलेली कणीक गळास लाविली आणि बसले. तास गेला, दोन तास गेले. मासे येत, कणकेस नाक लावीत आणि ऐसे मागे फिरत की जणू आत बिबवा घातला आहे. शेजारी बरकतमियांच्या गळास दोन चिलापी लागल्या. मग दौलतराव एक म्हणाले, दोन म्हणाले, आणि नदीस, माशांस व कणकेस मिळून ऐशी शिवी दिधली की पलीकडचे बगळे उठून गेले.

"दौलतभाऊ, हाताचा वास घ्या जरा," बरकतमिया बोलिले.

"का? काय झालं हाताला?"

"कूलंट आहे सगळं. त्याच हातानं कणीक मळली. मासा काय ओव्हरटाइमला आलाय का इथं?"

दौलतरावांनी हात हुंगला. बावीस वर्षांचे मशीनचे तेल नखांखाली वतन करून बसले होते, ते कोणत्या साबणास हटणार? बरकतमियांची कणीक त्यांच्या कुटुंब रोशनबी यांनी घरी मळलेली, लसूण वाटून घातलेली, आणि स्वतः बरकतमिया गोळीस हात लावण्याआधी काठची माती व पुदिना चोळून घेत. ऐसा पहिला गुरुवार विद्या देऊन गेला. आणि निघते वेळी बरकतमियांनी आणखी एक फोड केली की, हे सर्व ठीक, परंतु मरळ कणीक खातच नाही. ती शिकार खाते, तीही हलणारी. दौलतराव म्हणाले, "मग हे सकाळी सांगायचं ना राव!" त्यावर उत्तर आले की, सकाळी तुम्ही ऐकत होता का?

दुसऱ्या गुरुवारी कुमक आली. पिंपळे सौदागरच्या मोठ्या सोसायटीतले संगणकसरदार समाधानराव, मूळचे लातूरकडचे, ज्यांची बुलेट बरकतमियांकडे दुरुस्तीस असे, ते आपला जामदारखाना घेऊन सामील जाहले. पेटीत नकली मासे साठ, चांदीचे, सोनेरी, डोळे वटारलेले, पोटास तीन तीन गळ लटकावलेले, शिवाय रबरी बेडूक एक, आणि रीळवाला रॉड ऐसा की पाहोन दौलतरावांचे मन हलले. समाधानराव त्या दिवशी घरून काम करीत होते, म्हणजे कानात यंत्र घालून डोहाच्या काठी मीटिंगमध्ये हजर होते.

नकली मासा फेकावा, तो जलपर्णीत अडकावा. दुसरा फेकावा, तोही अडकावा. दोन प्रहरांत नऊ सरदार गवतात कैद जाहले. मग समाधानरावांनी बेडूक काढिला, आणि दौलतरावांनी रॉड हाती घेतला. बेडूक पानांवरून घसरत मोकळ्या पाण्यात पडला, तोच पाणी फुटले, काळे डोके वर आले आणि बेडूक नाहीसा जाहला. दौलतरावांनी तत्क्षणी सर्व ताकदीने हिसका मारिला. बेडूक तोंडातून सुटून हवेतून परत आला आणि समाधानरावांच्या टोपीवर बसला.

"अगं थांब की भवाने! कुठं पळतीस!" ऐसी गर्जना दौलतरावांनी केली. ते समयी समाधानरावांचे बोट कानाच्या यंत्रावर पडून आवाज खुला जाहला होता. तिकडून मोठे साहेब इंग्रजीत पुसते जाहले की, हे बोलले ते गृहस्थ कोण, आणि कोण पळाले? समाधानराव घाबरून मोबाइल काढू गेले, काढता काढता पाय शेवाळावर पडला, आणि मोबाइल करंजडोहास अर्पण जाहला. "लई बेक्कार झालं हो काका," इतकेच बोलून ते बूड टेकून बसले.

परतताना बरकतमियांनी चूक दाखविली. मरळ शिकार आधी तोंडात धरिते, मग आत घेते. तत्काळ ओढले तर तोंडातून निसटते. पाणी फुटले की तीन मोजावे, मग ओढावे. तीन हा आकडा दौलतरावांस शत्रूहून भारी वाटला.

मग तिसरा गुरुवार. बुधवारीच वर्षाली चार दिवसांची रजा घेऊन माहेरी आली होती, आणि रात्री जेवताना शेजारच्या पोरास ती शेपटीची कथा सांगत होती. अंबूबाईंनी स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात निर्वाणीचा हुकूम दिधला. "ह्या खेपेला मोकळ्या हातानं आलात, तर ती कोळीण मी तिला सांगते. नातवंडाला तरी खोटं नको सांगायला." दौलतरावांच्या कपाळी घाम आला. नोकरी गेल्याची अफवा उठली होती त्या साली इतका आला नव्हता.

ते दिवशी दारूगोळा निराळा होता. बरकतमियांनी गॅरेजात बसोन स्कूटरची जुनी ट्यूब कापिली आणि तिचा बेडूक केला. आत पोकळ, पाण्यावर तरंगणारा, मागे ट्यूबच्या पट्ट्यांचे दोन पाय, आणि गळाचे टोक वरच्या बाजूस पाठीशी चिकटविलेले, जेणेकरून गवतात अडकणे नाही, तोंडात दाबला गेला म्हणजेच टोक बाहेर यावे. पंक्चरच्या सोल्युशनचा वास जाण्यास तो दोन दिवस डोहाच्याच चिखलात पुरून ठेविला होता. समाधानराव नवा मोबाइल घरी ठेवून, खरीखुरी रजा टाकून आले होते.

उन्हे चढण्याआधी तिघे वाकून, पावले न वाजविता, सावली पाण्यावर न पाडिता काठाशी गेले. पाव घटकेने जलपर्णीच्या फटीत एक मोठा बुडबुडा फुटला. मरळ श्वास घेण्यास आली होती. बरकतमियांनी बोट दाखविले. दौलतरावांनी बेडूक फटीच्या पलीकडे पानांवर टाकिला, हळू ओढून पाण्यात सोडिला, आणि हलवू लागले. "सारखा नका हलवू," बरकतमिया कुजबुजले, "बेडूक दमतो, थांबतो." मग थांबविला. मग दोन बोटे ओढिला. पुन्हा थांबविला.

पाणी फुटले.

दौलतराव एक म्हणाले. दोन म्हणाले. तंगूस सरकू लागला, दंडाच्या शिरा ताठ जाहल्या, समाधानरावांनी आपली टोपी दातांत धरिली. दोन आणि तीन यांच्या दरम्यान किती काळ गेला याचा अदमास कोणास नाही. दौलतरावांस ती कोळीण दिसली, लेकीचे सात वर्षांचे तोंड दिसले, आणि तीस वर्षांचा सर्व राग हातात येऊन उभा राहिला. त्यांनी तो तेथेच उभा ठेविला. मग म्हणाले, "तीन." आणि ओढिले.

गळ बसला. मरळ जलपर्णीत शिरली, वीस हात गवत घेऊन फिरली, रॉडचे धनुष्य जाहले. दौलतराव कमरेइतक्या पाण्यात उतरले, आणि गवतासकट ओढून तिला काठावर आणिले. काळी, चकचकीत, डोळ्यांत जराही पश्चात्ताप नसलेली. बरकतमिया बोलिले, "माशाल्ला!" समाधानराव नाचू लागले ते पुन्हा शेवाळावर घसरले. परतल्यावर भाजीवाल्या सुमनताईंच्या काट्यावर वजन पावणेदोन किलो, लांबी एक हात आणि चार बोटे.

घरी रंगाच्या मोठ्या बादलीत थोडे पाणी, वर भोकांचे झाकण, त्यावर ओले गोणपाट आणि पाटा ठेविला. अंबूबाई सायंकाळी पोथी वाचीत बसल्या आणि दर अध्यायाच्या शेवटी मरळ झाकणावर एक टोला देई. तिसऱ्या अध्यायानंतर अंबूबाईंस हसू आवरले नाही, परंतु त्यांनी ते नाकावाटे सोडिले. शुक्रवारी स्नान करून त्यांनी मरळ राखेने चोळून धुतली, काळ्या मसाल्याचे कालवण केले आणि पहिले ताट लेकीपुढे ठेविले. एक डबा रोशनबींकडे गेला, कारण कणकेची विद्या त्यांच्या घरची.

वर्षालीने दोन भाकऱ्या खाल्ल्या, रस्सा भुरकला, आणि बोटे चाटत बोलिली, "बाबा, ही खरी धरलेली. ती तेव्हाची विकत आणलेली होती ना?"

दौलतरावांचा घास हातात राहिला. त्यांनी अंबूबाईंकडे पाहिले. अंबूबाईंनी दोन्ही हात वर केले की आपण काही सांगितले नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? काळ्या पिशवीत दुहेरी गाठ, आणि आत तुकडे! नदीतनं मासा तुकडे होऊन येतो का बाबा?"

दौलतराव कानापर्यंत लाल जाहले. अंबूबाई हळूच बोलिल्या, "मोजा." मग दौलतराव मोजू लागले. तीन गेले, चार गेले, सातावर मिशी हलली, नवावर खांदे हलू लागले, आणि दहा म्हणता म्हणता ते ऐसे हसले की ठसका लागून पाणी द्यावे लागले. मग डोळे पुसून पुसते जाहले की, इतकी वर्षे ठाऊक होते तर बोलली का नाहीस?

"तुम्ही किती रंगवून सांगायचात," वर्षाली म्हणाली. "दर वेळी मासा वीतभर वाढायचा. मला तेच आवडायचं."

येणेप्रमाणे करंजडोहाची मोहीम फत्ते जाहली. आपल्याकडील हानी: नकली मासे नऊ, मोबाइल एक, टोपी दातांनी फाटलेली एक. गनिमाकडील: मरळ एक, जिती धरिली, शुक्रवारी शिजली, काट्यापर्यंत साफ जाहली. ट्यूबचा बेडूक गॅरेजात खिळ्यास टांगिला आहे, कोणास पाहणे जाहल्यास गुरुवार सोडून यावे. लांबी एक हात आणि चार बोटे, हेच खरे. टपरीवर कोणास ती वाढवून सांगण्याची इच्छा जाहल्यास त्याने आधी दहा मोजावे.