सासूबाईंचा पहिला वर्ग

युरोपभर रेल्वेने फिरायचं तर योग्य पास निवडता आला पाहिजे, आणि तो अख्ख्या गेंट शहरात फक्त योरिसलाच निवडता येतो, याबद्दल निदान योरिसची तरी पक्की खात्री होती.

महिनाभर जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरलेले! सलग दिवसांचा पास बरा की सुट्या दिवसांचा? एका देशाचा की सगळ्यांचा? बायको, लीस, सूपची वाडगी घेऊन टेबलाशी यायची, जागा नाही म्हणून परत जायची आणि ओट्याशी उभ्यानेच सूप पिऊन टाकायची.

शेवटी एकदाचा योरिसने निकाल दिला. "ठरलं! आपण दोघं दुसऱ्या वर्गात. आणि आईंना पहिला वर्ग!"

लीसच्या डोळ्यांत पाणीच आलं. आपल्या आईसाठी एवढं? त्याच संध्याकाळी तिने दोन मैत्रिणींना फोन करून नवऱ्याचं कौतुक सांगितलं.

"ज्येष्ठांना सवलत असते ना," योरिस विनयाने म्हणाला.

खरं कारण सवलत नव्हतंच. खरं कारण होतं सासूबाईंचं तोंड. गोडेलीव्ह हे त्यांचं नाव 'गोड'पासून सुरू होत असलं, तरी त्यांचं बोलणं शेजारणीच्या पडद्यांपासून सुरू व्हायचं आणि कैलासवासी नवऱ्याच्या मूळव्याधीपर्यंत जायचं, मध्ये एकाही स्टेशनवर न थांबता! पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या मध्ये चांगले तीन-चार डबे असतात, हा त्या पासचा सर्वांत मोठा फायदा योरिसने कुणाला सांगितला नव्हता.

तिघांचे सुट्या दिवसांचे पास त्याच्याच फोनवर होते; प्रवासाच्या दिवशी प्रत्येकाच्या पासावर तो दिवस आधी सुरू करावा लागायचा. सासूबाईंचा फोन जुना, बटणांचा. तोही बॅटरी वाचावी म्हणून त्या बंद ठेवायच्या.

जर्मनीत आउग्सबुर्ग स्टेशनवर त्याने सासूबाईंना अगदी शेवटच्या डब्यात नेऊन बसवलं. "मस्त आराम करा, आई. लिंडाऊ आलं की आम्ही न्यायला येतो."

"अरे, पण मी इथे बोलू कुणाशी?"

"आराम करा, आई!"

आणि काय सांगावं, ती शांतता! योरिसने पाय पसरले, डोळे मिटले. इमेनश्टाटला गाडी जरा जास्तच वेळ थांबली. लाउडस्पीकरवर कोणीतरी जर्मनमध्ये काहीतरी घोकत होतं.

"काय म्हणतायत?" लीसने विचारलं. "तुला येतं ना जर्मन?"

"येतं की. पण सध्या सुट्टी आहे."

गाडी सुटली. थोड्या वेळाने लीस आईला चीजचं सँडविच द्यायला गेली आणि सँडविच तसंच हातात घेऊन परत आली. चेहरा पांढराफटक.

"योरिस, आई नाहीये."

"बाथरूमला गेल्या असतील."

"अरे, डबाच नाहीये!"

योरिस धावला. एक डबा ओलांडला, दुसरा ओलांडला, तिसऱ्याचं दार उघडायला गेला, तर काचेपलीकडे मागे पळणारे रूळ! गाडी तिथेच संपली होती.

"मागचे डबे इमेनश्टाटला सुटतात," दाराशी बसलेले एक आजोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "ते ओबर्स्टडोर्फला जातात. डोंगरात. पुढे रूळच नाहीत."

लीस मागे येऊन उभी होती. "आईचा पास?"

योरिसने खिशावर हात ठेवला.

"आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या?"

गोळ्यांची पिशवी त्यांच्याच डोक्यावर, फळीवर होती. सासूबाईंना ओझं नको म्हणून योरिसनेच ती मोठ्या मनाने आपल्याकडे घेतली होती. लीसने आईला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद!

"इतक्या लांब का बसवलंस तिला?"

"पहिला वर्ग तिकडेच..."

"योरिस. माझ्याकडे बघ."

योरिसने खिडकीबाहेरच्या गाईंकडे बघितलं. लीस काय समजायचं ते समजली.

"आणि मी मैत्रिणींना फोन केले!" एवढंच ती म्हणाली. त्यानंतर ती एक अक्षर बोलली नाही. पुढच्या स्टेशनवर दोघं उतरली, उलट्या गाडीने इमेनश्टाटला आली, तिथून डोंगराची गाडी पकडली, तरी नाही! बोलक्या सासूला कंटाळलेल्या योरिसला बायकोची ती शांतता सोसवेना. वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर तो बाकं न्याहाळत होता. कुठे चक्कर येऊन पडल्या असतील? टीसीने उतरवून दिलं असेल? भाषा येत नाही, गोळी नाही, पास नाही!

ओबर्स्टडोर्फचा फलाट रिकामा होता. लीसने त्याचा हात घट्ट धरला. तेवढ्यात बेकरीच्या बाजूने आवाज आला.

"...आणि मग ते पडदे तिने धुतले, तर आटले हो!"

असा सुरेल आवाज योरिसने जन्मात ऐकला नव्हता! बेकरीत गोडेलीव्हबाई आलुबुखारचा केक खात बसल्या होत्या आणि समोर टोपी काढून ठेवलेली टीसी बाई हनुवटीला हात लावून ऐकत होती.

"आई!" लीस जाऊन गळ्यातच पडली.

"आलात? बघ गं बाई, सांगत नव्हते?"

टीसी बाई हसली. "तिकीट मागितलं, तर यांनी पर्समधून हा फोटो काढला. जावई, जावई! यांची भाषा मला निम्मीच कळते. पास जावयाकडे आहे, तो घेऊन येणारच, आमचा जावई कधी चुकत नाही, असं काहीतरी म्हणाल्या."

फोटो योरिसचाच होता. कडा झिजलेला. त्याला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

लीसने आईच्या हातावर गोळी ठेवली आणि नवऱ्याच्या कानाशी हळूच विचारलं, "सांगू का तिला?"

"नको गं!"

"पहिला वर्ग मात्र नको रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. "तिथे कुणी तोंडच उघडत नाही."

"आई, आता तुम्ही माझ्या शेजारी बसायचं," योरिस म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

परतीच्या गाडीत तीच टीसी बाई आली. आता टोपी डोक्यावर होती. योरिसने ऐटीत फोन पुढे केला. सासूबाईंचा पास, ठीक. लीसचा पास, ठीक. योरिसच्या पासावर मात्र तिचं यंत्र अडलं. तिने पुन्हा लावून बघितलं.

"तुम्ही या पासावर आजचा दिवस सुरूच केलेला नाही," ती म्हणाली. "सकाळपासून तुम्ही विनातिकीट फिरताय."

अख्खा डबा वळून बघायला लागला. योरिसच्या कानाच्या पाळ्यासुद्धा लाल झाल्या. तो पाकीट काढणार, तोच गोडेलीव्हबाई ताडकन उठल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून डबाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"बाई, तुमचं यंत्र बिघडलंय!"