लवंडर

मे महिन्यात कूलरचं तोंड कुणाकडे, यावरून नागपुरात घरोघरी भांडणं होतात. प्रताप नगरात आमच्या शेजारी गावंडेकाकांकडे तो प्रश्नच नव्हता. त्यांचा कूलर कुंडीकडे तोंड करून असे.

कुंडीत लव्हेंडर. काका म्हणायचे ‘लवंडर’. थंड, कोरड्या हवेचं झाड, इथे टिकायचं नाही, असं नर्सरीवाल्यानं बजावलं होतं. म्हणून काकांनी वर हिरवी जाळी बांधली आणि कूलरचा पंप बंद ठेवून नुसती हवा सुरू केली.

“मी इथं शिजून राहिली, अन् हे झाडाले हवा देऊन राहिले!” काकू आतून ओरडायच्या. “नावच लवंडर. लवंडणारच ते!”

“लवंडलं नाही अजून,” काका शांतपणे सांगायचे.

त्यांची दुसरी सवय जास्त अवघड होती. फाटकाशी दिसेल त्याच्या नाकाखाली ते पान चोळलेली बोटं धरत. दूधवाला, इस्त्रीवाला, मी. सकाळी माझी डबे, गॅस, बाजार अशी कामं ओळीनं उभी असतात, त्यात हे. एकदा घाईत मी म्हटलं, “वा काका, काय घमघमतंय!”

“हळू बोला ना वं ताई! आत आयकू जाईन.”

मग त्यांनी सांगितलं. हिवाळ्यातल्या तापापासून काकूंना वासच येत नव्हता. एकदा गॅस उघडा राहिला तोही कळला नाही. तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात एकट्या जायला घाबरत. रोज उग्र वास हुंगवा, असं डॉक्टर म्हणाले होते. वास परत येईल याची खात्री त्यांनाही नव्हती.

“तिले पान हुंगवतो. ती मान हलवते. मी म्हणतो, यंदा झाडानंच वास नाही धरला. तिच्या नाकाले काहून नाव ठेवू?”

झाडाला वास आहे ना, एवढं ते आमच्याकडून तपासून घेत.

जूनमधल्या एका सकाळी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. काका काकूंना चहा देऊन नुकतेच पायरीवर येऊन बसले होते.

“अहो! हात धुऊन चहा करत जा ना! कपाले लवंडराचा वास येऊन राहिला!”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “त्याले तर वासच नाही,” ते कसंबसं म्हणाले.

“खोटं नका बोलू! मले येऊन राहिला ना!”

आत कप खणकन खाली ठेवला गेला. मग स्वयंपाकघरातून डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज येऊ लागले.

“हे तेल खवट झालं! कोणी आणलं? अन् हे बेसन? शी!”

“जा ना काका आत,” मी म्हटलं.

“बोलू द्या ताई,” डोळे पुसत ते म्हणाले. “लई दिवसांनी नाकानं भांडून राहिली.”